मास्तरांची गाडी सुरतेला निघाली

लोक काशीला जाऊन आले की लिहितात, कुणी रामेश्वरला जाऊन आले की लिहितात. मी पाचोरा, भडगाव, धुळे आणि शिरपूर एवढंच करून आले आहे, आणि तेही परक्यांच्या लग्नांना, बिनबोलावता. तरी लिहिते. जे आले नाहीत त्यांना कळायला हवं की घरात बसून त्यांनी काय घालवलं.

आधी वजीर मास्तरांबद्दल सांगते. धुळ्याचा त्यांचा बँड. लाल कोट, खांद्यावर जरीचे गोंडे, एक मोठा ढोल, ताशे, दोन ट्रंपेट, एक खुळखुळेवाला आणि पुढे स्वतः मास्तर, हातात क्लॅरनेट. सिनेमाची गाणी सगळेच बँड वाजवतात, हेही वाजवतात. पण नवरदेव मारुतीला नारळ फोडून मांडवाकडे निघाला की मास्तर आपली स्वतःची 'गाडी' काढतात. भुसावळहून सुरतेला जाणारी आगगाडी. ढोल इंजिन होतो, ट्रंपेट शिट्टी देतात आणि क्लॅरनेट खिडकीत बसल्यासारखं बाहेरचं एकेक स्टेशन दाखवत जातं. जळगावला केळीवाल्यांची हाळी. धरणगावला कापसाच्या जिनिंगमधल्या चरक्यांची धडधड. अमळनेरला मिलचा भोंगा. आणि दर वेळी निराळं! कधी जळगावला गाडी अर्धा तास अडकते, त्यात कुणाचं मूल रडतं, कुणी नळाचं पाणी भरतं. कधी जळगाव सुटल्यावर एकदम अमळनेरच. मास्तरांना विचारलं की म्हणतात, "आज धरणगावला कोणी उतरणारं नव्हतं."

ह्या गाडीसाठी लग्नसराईभर गावोगाव फिरणारी आम्ही काही वेडी माणसं आहोत. आम्ही मुलगा बघत नाही, मुलगी बघत नाही, मारुतीपासून मांडव किती लांब ते बघतो. अंतर जास्त तर गाडी लांब जाणार. आमच्यातले अमळनेरचे नाना तर नव्या गावात उतरले की आधी हे अंतर चालून येतात आणि मग चहा पितात. पोस्टातून निवृत्त झाले, पण खाकी कोट काही अंगातून निवृत्त झालेला नाही. त्यांचं म्हणणं, गाडी पुरी सुरतेपर्यंत एकदाच गेली, नंदुरबारच्या एका लग्नात, आणि ते तिथं होते. असं म्हणणारे मला खूप भेटले. ते सगळे खरं बोलत असतील तर त्या लग्नात नवरदेवाला उभं राहायला जागा उरली नसणार.

आता जमनाबाई. आमच्या शेजारची, मारवाडी, जैन. कापडाचं दुकान. लग्न होऊन जळगावात आली तेव्हा तिला मराठीतलं 'हो' येत नव्हतं, आता माझ्याहून चांगलं भांडते. तिच्या मुलानं सुरतेला कापडाचा धंदा टाकला आणि आई-वडिलांना कायमचं तिकडे न्यायचं ठरवलं. दुकान विकलं, भांड्यांना पोती शिवली. अक्षय्य तृतीयेनंतर निघायचं.

पापड लाटता लाटता ती मला म्हणाली, "अक्का, एवढी वर्षं मास्तरांच्या मागं फिरले, पण सुरत काही आली नाही. सूर्य बुडायच्या आत जेवायचं म्हणून मी नेहमी अर्ध्यातून उठले. आता सुरतेलाच चालले, तर जाण्याआधी एकदा त्यांची सुरत ऐकायची आहे मला. खरी कशी का असेना."

मी लाटणं खाली ठेवलं. घरात सांगितलं, लग्नाला चालले. आमचे हे म्हणाले, "कोणाच्या?" मी म्हटलं, "आपल्यातल्याच." त्यांनी पुढं विचारलं नाही. संसार असाच टिकतो.

पाचोरा

पॅसेंजरनं दुपारी पाचोऱ्याला उतरलो. वैशाखाचं ऊन असं की स्टेशनबाहेरचे टांग्याचे घोडेही एकमेकांच्या सावलीत उभे. मी पदराच्या टोकाला कांदा बांधला होता, ऊन लागू नये म्हणून. जमनाबाई कांद्याला हात लावत नाही. म्हणाली, "तू बांध. मी तुझ्या जवळून चालते, मलाही पुरेल."

नाना आमच्या आधीच हजर. चेहरा पडलेला. "अक्का, फसलो. मारुती आणि मांडव एकाच बोळात. मारुतीनं शेपूट लांब केलं तर मांडवात जाईल."

तसंच झालं. भुसावळ सुटलं, जळगावची केळी विकायला सुरुवात झाली आणि नवरदेव दारात! सुवासिनी तांब्या घेऊन उभ्या. बाकीचे सगळे अक्षता शोधताहेत आणि आम्ही तिघं फलाटावर सामानासकट राहिल्यासारखे. जेवण मात्र उत्तम. वरण-बट्टी आणि घोटलेली वांगी. बट्टीवर तूप असं ओतलं की खालचं पान सरकलं. तुम्ही कोणाकडचे, असं वाढप्यानं विचारलं तेव्हा मी मुलीच्या मामाकडे हात केला, नानांनी मुलाच्या काकाकडे केला. दोन्हीकडून आग्रह झाला. जमनाबाईनं आपला डबा उघडून खाखरे खाल्ले आणि सूर्य बुडायच्या आत पाणी पिऊन मोकळी झाली.

नाना रात्री उशिरापर्यंत कुरकुरत होते, "मागल्या वर्षी एरंडोलच्या लग्नात जळगाव काय चढलं होतं! आजचं जळगाव म्हणजे नुसता बाजारचा दिवस." खरा वेडा माणूस कधी समाधानी नसतो, हे मी नानांवरून शिकले.

भडगाव

भडगाव माझं माहेर. गिरणेच्या वाळूत मी लहानपणी झिरे खणून पाणी प्यायले आहे. पण ह्या वेळी माहेरच्या गल्लीत पाऊल टाकलं नाही. तिथं कुणी ओळखलं असतं तर विचारलं असतं, अक्का, तू इथं कोणाच्या लग्नाला? आणि भडगावात मला खोटं बोलता येत नाही. तिथं सगळ्यांना माझं तोंड पाठ आहे.

इथला मारुती छान लांब, नदीच्या अंगाला. नाना खूश. गाडी डौलात निघाली. जळगाव झालं, धरणगावच्या चरक्या सुरू झाल्या, ताशेवाल्याला घाम फुटला. मला वाटलं, आज जमतंय.

आता धान्याच्या टंचाईमुळे सरकारनं कायदा केलाय ना, की लग्नात मोजक्याच पानांना जेवण घालायचं. पाळतं कोणी नाही, पण भितात सगळे. नाना आपल्या खाकी कोटात, हातात छत्री, मिरवणुकीच्या कडेनं चालत होते. ओठ हलत होते, बोटं हलत होती, ते मास्तरांचे ठेके धरत होते. मुलीच्या बापाला वाटलं, पुरवठा खात्याचा इन्स्पेक्टर आला आणि माणसं मोजतोय.

काय पळापळ झाली! बुंदीच्या पराती गोठ्यात गेल्या. वऱ्हाडी शेजारच्या घरांत शिरले आणि तिथल्याच माणसांसारखे ओट्यावर तांदूळ निवडू लागले. कोणी तरी मास्तरांच्या कानाशी लागलं, वाजवणं बंद करा. चरक्या थांबल्या. रस्त्यावर उरलो आम्ही तिघं, घोड्यावर नवरदेव आणि मुलीचा बाप हात जोडून.

"साहेब, घरचीच माणसं आहेत हो सगळी."

नाना गोंधळले. "कोण साहेब? मी गाडीसाठी आलो."

"गाडी देतो साहेब, बैलगाडी देतो, एस्टीवर सोडतो. पण आधी दोन घास..."

आणि खरंच, नानांना आत नेऊन पाटावर बसवलं, पंख्यानं वारा घातला. मी आणि जमनाबाई साहेबांच्या बायका असाव्यात असं ठरलं. दोघीही! जमनाबाईला हसू आवरेना, पदर तोंडात कोंबून ती भिंतीकडे तोंड करून बसली. हसणं संपलं तेव्हा मात्र हळू आवाजात म्हणाली, "अक्का, धरणगावलाच राहिलो आपण." आता एकच लग्न उरलं होतं, शिरपूरचं. त्यानंतर तिला पोती बांधायची होती.

धुळे

धुळ्याला बस बदलायची होती. स्टँडसमोरच्या हॉटेलात शेवभाजी खाल्ली. आमच्या जळगावच्या भाजीला तिखट म्हणणाऱ्यांनी ही खावी, म्हणजे आमचीला खीर म्हणतील. डोळे पुसून वर बघते तर पलीकडच्या बाकावर वजीर मास्तर. कोट घडी करून मांडीवर, समोर बशीत पाणी, त्यात क्लॅरनेटच्या तोंडातली वेताची पट्टी भिजत घातलेली. एवढ्या वर्षांत त्यांच्याशी बोलायची हिंमत केली नव्हती. जमनाबाई मात्र सरळ उठून गेली.

"मास्तर, उद्या गाडी सुरतेला न्या."

मास्तरांनी वर पाहिलं. "बाई, तुम्ही भडगावला इन्स्पेक्टरबरोबर होतात त्या ना?"

"त्याचं सोडा. मी सुरतेला चालले, कायमची. एकदा सुरत ऐकवा."

"ठरवून वाजवली तर ती गाडी नाही, बाई, ती कवायत. गाडी कुठवर जाते ते मांडवाला विचारा." मग पट्टी पाण्यातून काढून जिभेवर ठेवून पाहिली. "आणि उद्याच्या नवरदेवाचा बाप घड्याळवाला आहे. पोहोचायची वेळ त्यानं मला आधीच बजावली आहे."

जमनाबाई परत येऊन बसली. भाजीला हात न लावता ताटातल्या कोरड्या शेवा एका बाजूला करत राहिली. रश्शात कांदा होता आणि मी तिच्यासाठी वेगळं काहीच मागवलं नव्हतं, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं. केळी आणून दिली. तिनं दोन खाल्ली आणि म्हणाली, "सुरतेला केळी मिळतील ना गं?" मी म्हटलं, "मिळतील, पण त्यांना चव नसेल." खोटं होतं. बोलायला बरं वाटलं.

शिरपूर

शिरपूरच्या वाटेवर तापी लागते. पूल ओलांडताना सगळी बस नाणी टाकायला एका अंगाला गेली आणि बसही त्या अंगाला झुकली. पलीकडे सातपुड्याची निळी रेघ. इथली भाषाही पलटली, 'आहे'ला 'शे' आणि 'सगळं'ला 'बठ्ठा'. आमच्याकडे वरातीत बाया बँडच्या मागे चालतात, इथं बाया पुढे आणि पुरुष मागे. मला हे पसंत पडलं. पुढे चालणारीला धूळ कमी खावी लागते.

मारुती ते मांडव अंतर बरं होतं, फार नाही. गोरज मुहूर्त, म्हणजे गाई घरी येतात त्या वेळचा. नवरदेवाचा बाप खरोखरच मनगट डोळ्यांसमोर धरून चालत होता. पण मास्तर त्या दिवशी निराळेच होते. भुसावळ, जळगाव, धरणगाव भराभर मागं टाकलं. अमळनेरला भोंगा झाला, नानांनी आपलं गाव म्हणून टोपी काढली. नरडाण्याला तर नुसते खुळखुळे, उजाड स्टेशनावर वारा फिरावा तसे. जमनाबाईनं माझं मनगट धरलं होतं. तिचा डबा बंदच होता.

तेवढ्यात घड्याळवाले व्याही पुढे आले. "बस झालं, मास्तर. समोर मांडव दिसतोय. चला, चला!"

समोर खरंच मांडवाच्या केळी दिसत होत्या. जमनाबाईनं मनगट सोडलं.

आणि मी रस्त्याच्या मधोमध, निंबाखाली, फतकल मारून बसले.

ठरवून नाही हो. गुडघा दुखत होता, हे एक. पण बसल्याबरोबर सगळी वरात थबकली आणि बायांच्या तोंडावर जी भीती उमटली, त्यावरून मला कळलं की मी काय केलंय. लग्नात वयस्कर बाई रस्त्यात बसली म्हणजे ती रुसली. आणि रुसलेल्या म्हातारीला वळसा घालून नवरदेव जात नाही. तिची समजूत काढावी लागते, आणि ती निघेपर्यंत बँड थांबवायचा नसतो.

मास्तरांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. दोंडाईच्याची शिट्टी झाली.

"काय व्हयनं वो अक्का? कोनी काय बोलनं का तुले?" मुलीकडच्या बाया भोवती जमल्या. मी गप्प. रुसलेल्या बाईनं बोलायचं नसतं, बोललं की ती स्वस्त होते. मुलीकडच्यांना वाटलं मी मुलाकडची, मुलाकडच्यांना वाटलं मी मुलीकडची. दोन्हीकडून पाया पडणं सुरू. कोणी सरबत आणलं. ते मी घेतलं, ऊन होतं. कोणी ओटीत लुगडं ठेवलं. ते परत केलं. तेवढी लाज मला आहे. पण परत केल्यावर तर सगळ्यांना वाटलं, बाई फारच दुखावली गेली आहे!

मग गर्दीतून एक ठेंगणी, नाकात भली मोठी नथ घातलेली बाई आली. नवरदेवाची सख्खी आत्या. कमरेवर हात ठेवून गरजली, "हाई कोन शे? रुसाना मान मना शे! मी मांडवमा रुसनार व्हतू!"

आणि रुसायचा मान आपलाच म्हणत ती माझ्यासमोर, रस्त्यातच बसली. आता वाटेत दोन म्हाताऱ्या. तिची समजूत काढायला निम्मे तिकडे गेले. व्याही मनगट वर करून भटजींकडे धावले. "मुहूर्त चालला!" भटजींनी खुळखुळ्यांवरचं लक्ष न काढता उत्तर दिलं, "घड्याळाचा मुहूर्त निराळा, गाईंचा निराळा. अजून एक तरी गाय आली का?"

गाडी नंदुरबारला पोहोचली. मिरचीचं गाव. दोन्ही ट्रंपेट शिंकायला लागले, एक इकडून, एक तिकडून, आणि सगळ्या वरातीनं पदर, उपरणी नाकाला लावली. समोरची आत्यासुद्धा रुसता रुसता हसली. मग नवापूर, जंगलाचा मुलूख. क्लॅरनेट एकदम पावरीसारखं वाजायला लागलं, डोंगरातले लोक होळीला वाजवतात तसं, खोल आणि लांब. एवढ्या पुढं मी कधीच आले नव्हते. सूर्य निंबाच्या बुंध्याशी टेकला होता. मी जमनाबाईला खूण केली, डबा उघड, खाऊन घे.

ती माझ्याकडे बघतच नव्हती. पदर हनुवटीपर्यंत ओढला होता, त्यामुळे चेहरा दिसेना. फक्त हात वर गेले. मग पाय फिरले. घरात कधी मान वर न करणारी आमची जमनाबाई भर रस्त्यात, परक्याच्या लग्नात घूमर घालत होती. घागऱ्याचा घेर धुळीवरून फिरत होता आणि ढोलवाला इंजिन सोडून तिच्या पायांना धरून वाजवू लागला. मास्तर चालत तिच्यापाशी आले. क्लॅरनेट खाली, तिच्या पावलांकडे. आता पुढे सुरत. नाना ओरडले, "सुरत! सुरत!" सगळी वरात ओरडली, "सुरत!"

मास्तरांनी दम घेतला. आणि शिट्टी दिली ती परतीची.

आधी कोणाला कळलं नाही. पावरी पुन्हा ऐकू आली. मग शिंका. मग दोंडाईचा, मग तो नरडाण्याचा वारा. इंजिन फिरवलं होतं त्यांनी. गाडी माघारी निघाली होती, आली त्याहून वेगात, आणि जमनाबाई उलट्या फेऱ्यांनी फिरायला लागली. नवापूरच्या पुढचं मास्तरांना ठाऊक नव्हतं, की दम संपला, की आणखी काही, मी विचारलं नाही. अमळनेरचा भोंगा झाला. धरणगावच्या चरक्या झाल्या. आणि मग केळीवाल्यांची हाळी आली, अगदी आमच्या स्टेशनातली, सकाळच्या वेळची. जमनाबाई थांबली. पदराआड तिचे खांदे हलत होते.

मुलीची आई माझे पाय धरून म्हणत होती, "माय, आते तरी सांग, काय पाहिजे तुले?"

मी म्हटलं, "काही नको, बाई. आमचं गाव आलं. उठते मी."

आणि उठले. दोघींनी धरून उठवलं, खरं तर.

आत्याही उठली, धूळ झटकली आणि माझी वाट अडवली. "खरं सांग. तू कोनाकडनी शे? पोरनी का पोरीनी?"

आता खोटं कशाला? "बँडकडची," म्हटलं.

तिनं माझ्याकडे पाहिलं, मास्तरांकडे पाहिलं, आणि अशी हसली की नथ दोन्हीकडे झुलली. मला हाताला धरून मांडवात घेऊन गेली आणि सगळ्यांना सांगत सुटली, ह्या लग्नात तीन वऱ्हाडं शेतस. मग तिला मांडवात रुसायचंही राहिलं. माझ्याचमुळे. मला वाईट वाटलं, पण तिला वाटल्याचं दिसलं नाही.

लग्न लागलं. गाई आल्या होत्या. खापरावरच्या पुरणपोळ्या होत्या, हातावर झेलून केलेल्या, आमरसाबरोबर. मी तीन खाल्ल्या. जमनाबाईनं पाणीसुद्धा घेतलं नाही, सूर्य कधीच बुडाला होता. सकाळपर्यंत उपाशी. मांडवाच्या खांबाला टेकून बसली होती, पाय पुढे पसरून, बोटांना धूळ.

नाना पान चघळत आले. चेहऱ्यावर आनंद होता, पण नाना ते नानाच. "सगळं झालं हो, पण सुरत राहिलीच. पुढं कसं झालं असतं कोण जाणे."

जमनाबाईनं पदर मागं सारला आणि नानांकडे बघून मान हलवली.

"सुरत ना, नाना? ते आता मी बघते."